गाभण कुत्री ओळखणे

नसबंदी न झालेल्या कुत्रीला गर्भ राहिला आहे की नाही, हे माजाच्या तारखा, बाह्य लक्षणे आणि पशुवैद्यकीय तपासण्या यांच्या आधारे ठरविणे म्हणजे कुत्रीचे गर्भनिदान होय. कुत्रीचा गर्भकाळ सरासरी ६३ दिवसांचा, म्हणजे नऊ आठवड्यांचा असतो. त्यातील पहिला महिनाभर गर्भाची कोणतीही खात्रीची खूण बाहेरून दिसत नाही. त्यानंतर स्तन भरणे, पोट वाढणे, दूध येणे अशी लक्षणे दिसू लागतात. परंतु यांपैकी बहुतेक लक्षणे गर्भ नसलेल्या कुत्रीतही आढळू शकतात. माज संपल्यानंतर गर्भ राहो वा न राहो, कुत्रीच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुमारे दोन महिने वाढलेलेच राहते, हे त्याचे कारण आहे. त्यामुळे केवळ पाहून ‘गाभण आहे’ किंवा ‘गाभण नाही’ असे ठरविणे दोन्ही बाजूंनी चुकीचे ठरू शकते. गर्भाशयात पू साठण्याचा जीवघेणा विकारही याच काळात उद्भवतो व वरवर पाहता तो गर्भावस्थेसारखा भासतो. म्हणून वेळेवर तपासणी करून घेण्यास विशेष महत्त्व आहे.

परिभाषा

मराठीत पशूंच्या गर्भावस्थेसंबंधीचे बहुतेक शब्द गोठ्यातून आलेले आहेत. गर्भ राहिलेल्या मादीस ‘गाभण’, समागमास उत्सुक असण्याच्या अवस्थेस ‘माज’, मादीच्या बाह्य जननेंद्रियास ‘निरण’, प्रसूतीस ‘विणे’, एका प्रसूतीस ‘वेत’ आणि गर्भाशयातील पोषक आवरणास ‘वार’ असे म्हणतात. हे शब्द कुत्रीच्या बाबतीतही वापरले जातात. गायी-म्हशींविषयीचे ठोकताळे मात्र कुत्रीला लागू पडत नाहीत. गाय गाभण नसल्यास साधारणतः २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते. त्यास ‘गाय उलटली’ असे म्हणतात. न उलटणे ही गाय गाभण असल्याची पहिली खूण शेतकरी मानतो. कुत्री मात्र गाभण असो वा नसो, पुढील पाच ते अकरा महिने पुन्हा माजावर येत नाही. त्यामुळे माज न येणे ही तिच्या बाबतीत गर्भाची खूण ठरत नाही.

माजचक्र

कुत्रीला पहिला माज बहुधा ६ ते १२ महिन्यांच्या वयात येतो. मोठ्या आकाराच्या जातींत तो दीड ते दोन वर्षांपर्यंत लांबू शकतो. पुढे सरासरी सात महिन्यांच्या अंतराने माज येत राहतो. वय वाढल्यावर दोन माजांतील अंतर वाढते, परंतु माज कायमचा बंद होत नाही. म्हणून वयस्क कुत्रीलाही गर्भ राहू शकतो.

माजचक्राच्या चार अवस्था मानल्या जातात. पहिली पूर्वमाजाची अवस्था सरासरी नऊ दिवसांची असते. तीत निरण सुजते, रक्तमिश्रित स्राव होतो आणि नर मागे लागतात. मात्र कुत्री त्यांना जवळ येऊ देत नाही. दुसरी अवस्था प्रत्यक्ष माजाची असून तीही सरासरी नऊ दिवस टिकते. स्राव फिकट होतो, निरणाची सूज मऊ पडते आणि कुत्री शेपटी बाजूस करून नराचा स्वीकार करते. तिसरी माजोत्तर अवस्था सुमारे दोन महिन्यांची, तर चौथी विश्रांतीची अवस्था चार ते पाच महिन्यांची असते. हे सर्व आकडे सरासरीचे आहेत. पूर्वमाज व माज या अवस्था काही कुत्र्यांच्या माद्यांत तीन-चार दिवसांच्या, तर काहींत तीन आठवड्यांपर्यंतच्याही आढळतात.

या स्रावाविषयी एक गैरसमज सर्वत्र दिसतो. तो मानवी मासिक पाळीसारखा मानला जातो व तो थांबताच कुत्रीला मोकळे सोडले जाते. वस्तुतः पाळीतील रक्तस्राव गर्भ न राहिल्यानंतरचा असतो, तर कुत्रीचा रक्तस्राव बीजांड सुटण्यापूर्वीचा असतो. लाल स्राव फिकट होऊ लागतो, तोच गर्भधारणेस सर्वांत अनुकूल काळ असतो.

समागमाच्या वेळी नर व मादी काही काळ एकमेकांत अडकून राहतात. ही नैसर्गिक अवस्था साधारणतः ५ ते ४५ मिनिटे टिकते व आपोआप सुटते. दगड मारून, पाणी ओतून किंवा ओढून त्यांना वेगळे केल्यास दोघांनाही गंभीर इजा होऊ शकते आणि त्यामुळे गर्भधारणाही टळत नाही. उलटपक्षी, जोडी अडकलेली कोणी पाहिली नाही एवढ्यावरून समागम झालाच नाही असेही म्हणता येत नाही. एकाच माजात एकाहून अधिक नरांशी समागम झाल्यास एकाच वेतातील पिल्लांचे पिते वेगवेगळे असू शकतात.

दिवसांची मोजणी

समागमाच्या दिवसापासून मोजल्यास प्रसूती ५७ ते ७२ दिवसांच्या दरम्यान केव्हाही होऊ शकते. बीजांड सुटल्याच्या दिवसापासून मोजल्यास मात्र हा काळ ६२ ते ६४ दिवस इतका नेमका असतो. कुत्रीचे बीजांड अपक्व स्थितीत बाहेर पडते व त्यास पक्व होण्यास आणखी दोन ते तीन दिवस लागतात. नराचे शुक्रजंतू मादीच्या शरीरात सुमारे आठवडाभर जिवंत राहू शकतात. त्यामुळे समागमाचा दिवस आणि गर्भधारणेचा दिवस यांत बरेच अंतर पडू शकते. ज्यांना नेमकी तारीख हवी असते, ते माजाच्या काळातच रक्तातील प्रोजेस्टेरॉनची तपासणी करून बीजांड सुटण्याचा दिवस निश्चित करतात.

सर्वसामान्य घरात अशी तपासणी होत नाही. तेथे स्राव प्रथम दिसल्याची तारीख, समागम झाल्याची किंवा कुत्री घराबाहेर राहिल्याची तारीख आणि तिने नरांना झिडकारण्यास सुरुवात केल्याची तारीख दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवणे पुरेसे उपयुक्त ठरते. कोणती तपासणी केव्हा करावी, तसेच प्रसूती लांबली आहे की नाही, हे पशुवैद्य या नोंदींवरूनच ठरवितात.

बाह्य लक्षणे

पहिले तीन आठवडे. या काळात बाहेरून काहीच कळत नाही. फलित बीजे गर्भाशयात उतरतात व सुमारे १७ ते २१ व्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तरात रुजतात.

चौथा व पाचवा आठवडा. काही कुत्र्यांच्या माद्यांची भूक काही दिवस मंदावते, क्वचित उलटी होते, सुस्ती येते किंवा त्या माणसाला अधिक चिकटून राहतात. स्तनाग्रे किंचित मोठी व गुलाबी होतात; पहिलटकरणीत हा बदल लवकर लक्षात येतो. सुमारे महिनाभरानंतर निरणातून पारदर्शक, चिकट स्राव दिसू शकतो.

सहावा व सातवा आठवडा. भूक वाढते, वजन वाढू लागते आणि कंबरेचा खळगा भरून येतो. कारवानी, पश्मी यांसारख्या सडपातळ शिकारी जातींत हा बदल चटकन नजरेस येतो. लठ्ठ किंवा दाट केसांच्या कुत्रीत, तसेच पोटात एक-दोनच पिल्ले असल्यास तो अखेरपर्यंत लक्षात न येण्याची शक्यता असते.

आठवा व नववा आठवडा. स्तन भरतात, पोट खाली येते आणि कुत्री कुशीवर शांत पडलेली असताना पिल्लांची हालचाल दिसू किंवा हाताला जाणवू शकते. जिवंत पिल्लांची स्पष्ट हालचाल हे बाह्य लक्षणांपैकी सर्वांत विश्वसनीय लक्षण आहे. शेवटच्या दिवसांत दूध उतरते आणि कुत्री आडोसा शोधते, जमीन उकरते किंवा चिंध्या गोळा करते.

आभासी गर्भावस्था

गायीला गर्भ न राहिल्यास बीजकोशातील पीतपिंड काही दिवसांतच विरघळतो आणि प्रोजेस्टेरॉन उतरते. कुत्रीत पीतपिंड गर्भ नसतानाही सुमारे दोन महिने कार्यरत राहतो. त्याचा प्रभाव ओसरू लागताच प्रोलॅक्टिन हे दुग्धजनक संप्रेरक वाढते. काही माद्यांत या बदलाचा परिणाम इतका ठळक असतो की माजानंतर सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान त्यांचे स्तन सुजतात, दूध येते, त्या अंथरूण उकरतात आणि चप्पल, बाहुली किंवा उशी पिल्लाप्रमाणे जवळ घेऊन तिचे रक्षण करतात. या स्थितीस आभासी गर्भावस्था म्हणतात. ती ज्या कुत्रीचा नराशी संबंधच आलेला नाही, तिच्यातही आढळते.

ही स्थिती बहुधा दोन ते तीन आठवड्यांत आपोआप ओसरते. स्तन पिळून दूध काढल्यास किंवा वारंवार चोळल्यास दूध येतच राहते. म्हणून तसे करू नये. स्तन लाल, गरम वा कठीण झाल्यास पशुवैद्यांना दाखवावे. आभासी गर्भावस्था चालू असताना नसबंदी केल्यास लक्षणे लांबण्याचा संभव असतो, म्हणून शस्त्रक्रिया सहसा ती ओसरल्यावर केली जाते.

गर्भाशयात पू साठणे

पायोमेट्रा या नावाने ओळखला जाणारा हा विकार नसबंदी न झालेल्या, विशेषतः मध्यमवयीन व वयस्क माद्यांत माजानंतर काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंतच्या काळात होतो. प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्याची रोगप्रतिकारशक्ती मंदावते व आत शिरलेल्या जंतूंमुळे पू साठतो. कुत्री खूप पाणी पिते, वारंवार लघवी करते, अन्न टाकते, उलट्या करते आणि मलूल होते. गर्भाशयाचे मुख उघडे असल्यास दुर्गंधीयुक्त पू बाहेर येतो. ते बंद असल्यास काहीच बाहेर येत नाही, केवळ पोट वाढत जाते; हाच प्रकार अधिक घातक असतो, कारण घरच्यांना कुत्री गाभण असल्याचे वाटत राहते.

भेद लक्षात ठेवण्याची खूण सोपी आहे. गाभण कुत्री उत्तरार्धात चांगली खाते व एकंदरीत प्रसन्न असते. पोट वाढत असताना भूक हरपणे आणि तहान वाढणे, हे गर्भावस्थेचे लक्षण नव्हे. अशा वेळी वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यांकडे नेणे आवश्यक असते. गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हा या विकारावरील मुख्य उपचार आहे.

जलोदर, यकृत किंवा प्लीहा वाढणे, गाठी, लठ्ठपणा व जंतांचा प्रादुर्भाव या कारणांनीही कुत्रीचे पोट मोठे दिसू शकते.

निश्चित निदानाच्या पद्धती

हाताने चाचपणी. सुमारे २४ ते ३० व्या दिवशी अनुभवी पशुवैद्यास पोटावरून गर्भाशयातील मण्यांच्या माळेसारखे फुगवटे जाणवू शकतात. पस्तिसाव्या दिवसानंतर हे फुगवटे एकमेकांत मिसळतात व चाचपणी अवघड होते. घरी पोट दाबून पाहणे धोक्याचे आहे.

सोनोग्राफी. सुमारे २५ व्या दिवसापासून गर्भपिशव्या व हृदयाचे ठोके दिसू शकतात. तारीख अनिश्चित असल्यास तपासणी तिसाव्या दिवसाच्या सुमारास करणे अधिक खात्रीचे असते. गर्भ जिवंत आहेत की नाहीत, तसेच गर्भाशयात पिल्ले आहेत की पू, हे या तपासणीत समजते. पिल्लांची संख्या मात्र तीत अचूक कळत नाही.

रिलॅक्सिन तपासणी. रिलॅक्सिन हे संप्रेरक मुख्यतः वारेतून स्रवते. म्हणून ते गाभण कुत्रीच्याच रक्तात लक्षणीय प्रमाणात आढळते. ही तपासणी चौथ्या आठवड्याच्या अखेरीनंतर करतात. फार लवकर केल्यास किंवा गर्भांची संख्या कमी असल्यास निष्कर्ष चुकीने नकारार्थी येऊ शकतो.

क्ष-किरण तपासणी. पिल्लांच्या हाडांत खनिजे साठू लागल्यावर, म्हणजे सुमारे ४५ व्या दिवसानंतर सांगाडे दिसू लागतात. संख्या मोजण्यासाठी ५५ व्या दिवसानंतरचे चित्र उपयुक्त असते. किती पिल्ले अपेक्षित आहेत हे ठाऊक असल्यास प्रसूती पूर्ण झाली की एखादे पिल्लू आत राहिले, हे समजते.

औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या मानवी गर्भचाचणीच्या पट्ट्या कुत्रीसाठी निरुपयोगी आहेत. त्या ज्या संप्रेरकाचा शोध घेतात, ते कुत्रीच्या शरीरात गर्भावस्थेतही तयार होत नाही. माजानंतर केलेली प्रोजेस्टेरॉनची तपासणीही वर सांगितलेल्या कारणामुळे गर्भाचा निर्णय देऊ शकत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात भाद्रपद महिना हा कुत्र्यांच्या माजाचा काळ म्हणून लोकपरंपरेत प्रसिद्ध आहे. घरात वाढलेल्या माद्या वर्षभरात केव्हाही माजावर येतात; रस्त्यावरील कुत्र्यांत मात्र पावसाळ्याच्या उत्तरार्धात समागमाचे प्रमाण अधिक दिसते. भाद्रपदात राहिलेल्या गर्भाचे दिवस कार्तिक-मार्गशीर्षात भरतात. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरसारख्या मराठवाड्यातील शहरांत अनेक पिल्ले ऐन थंडीच्या तोंडावर जन्मतात. याच शहरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या दिवसांत धापा टाकणे, सुस्ती व भूक मंदावणे ही उन्हाची लक्षणे असू शकतात. ती गर्भाची मानू नयेत. खरोखर गाभण असलेल्या कुत्रीला मात्र उष्माघाताचा धोका अधिक असल्याने तिला सावली व भरपूर पाणी मिळणे आवश्यक असते.

रस्त्यावरील कुत्रीच्या बाबतीत प्रथम कान पाहावा. नसबंदी झालेल्या कुत्रीच्या कानाला ओळखीसाठी खाच पाडलेली असते. अशी खाच असलेल्या मादीचे पोट वाढलेले दिसल्यास गर्भाऐवजी आजाराची शक्यता अधिक असते.

भटक्या कुत्र्यांची नसबंदी व रेबीज प्रतिबंधक लसीकरण हे काम कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविलेले आहे. श्वान जन्मनियंत्रणाचे २००१ चे नियम व त्यांच्या जागी आलेले २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम हे त्याचे आधार होत. २००१ च्या नियमांत गाभण आढळलेल्या कुत्रीचा गर्भपात व नसबंदी न करता तिला प्रसूतीपर्यंत सोडून द्यावे, अशी तरतूद होती. पकडलेली कुत्री नुकतीच व्यायलेली असल्यास मागे राहिलेली पिल्ले उपासमारीने मरतात. म्हणून पथक येते तेव्हा एखादी मादी गाभण आहे किंवा तिची पिल्ले जवळपास आहेत, ही माहिती परिसरातील रहिवाशांनी देणे फार मोलाचे ठरते. पाळीव कुत्रीच्या लसीकरणाची व नसबंदीची जबाबदारी २०२३ च्या नियमांनुसार मालकावर आहे.

तपासणीसाठी खासगी पशुवैद्यांखेरीज राज्याच्या पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने व जिल्हा ठिकाणची पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये उपलब्ध असतात. मराठवाड्यात परभणी व उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून कार्यरत आहे.

गर्भ निश्चित झाल्यावर

पहिल्या महिन्यात आहार नेहमीइतकाच ठेवतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून तो क्रमाने वाढवून थोडा थोडा, परंतु अधिक वेळा देतात. पोळी, भाकरी व दूध एवढ्यावर गाभण कुत्रीची प्रथिनांची गरज भागत नाही. कॅल्शियमची औषधे स्वतःच्या मनाने देणे अपायकारक ठरते. बाहेरून मिळालेल्या अतिरिक्त कॅल्शियममुळे शरीराची स्वतःची नियमनव्यवस्था मंदावते आणि विल्यानंतर, दूध पाजण्याच्या काळात, आकडी येण्याचा धोका वाढतो.

काही प्रतिजैविके, संप्रेरके व जिवंत विषाणूंच्या लसी गर्भास घातक असतात. त्यामुळे कोणत्याही उपचारापूर्वी गर्भाची शक्यता पशुवैद्यांना सांगणे आवश्यक असते. आतड्यातील गोलकृमींच्या अळ्या आईच्या शरीरातून पोटातील पिल्लांत जातात, म्हणून जंतनाशकाची वेळ त्यांच्या सल्ल्यानेच ठरवावी. पिल्ले नको असल्यास तो निर्णयही लवकर कळविणे इष्ट असते. गर्भ टाळण्यासाठी ऐकीव माहितीवरून दिलेल्या संप्रेरकांच्या इंजेक्शनांमुळे गर्भाशयात पू होणे व रक्तपेशी घटणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात.

प्रसूतीची चाहूल

कुत्रीच्या शरीराचे नेहमीचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. प्रसूतीपूर्वी १२ ते २४ तास ते बहुधा ३७.२ अंशांच्या (९९ अंश फॅरनहाइटच्या) खाली उतरते. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा तापमान नोंदविल्यास ही घसरण लक्षात येते. त्यानंतर कुत्री अस्वस्थ होते, थरथरते, धापा टाकते व अन्न नाकारते.

जोराच्या कळा येऊन अर्ध्या तासात पिल्लू बाहेर न येणे, पोटात पिल्ले शिल्लक असताना दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून अधिक वेळ जाणे, पहिल्या पिल्लापूर्वीच हिरवट-काळा स्राव होणे, किंवा समागमाच्या शेवटच्या तारखेपासून ७० दिवस उलटूनही प्रसूतीची चिन्हे नसणे, या प्रसंगी तातडीने पशुवैद्यकीय मदत घ्यावी लागते. अशा वेळी दवाखान्यात विचारला जाणारा पहिला प्रश्न दिवस किती झाले हाच असतो आणि त्याचे उत्तर माजाच्या वेळी केलेल्या नोंदीतूनच मिळते.